मुलांच्या दातांवरून मृत्यूच्या वेळचं वय : ‘सहा वर्षं’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न असा आहे : एका लहान मुलाच्या अवशेषांबद्दलच्या अहवालात ‘दातांवरून वय सहा वर्षं’ एवढंच लिहिलं आहे. दात तर कुणाला पाचव्या वर्षी येतात, कुणाला सातव्या. मग इतका ठाम आकडा आला कुठून? आणि वय हाडांवरून का काढलं नाही?

शंका रास्त आहे. सहा हा आकडा बहुधा चुकीचा नसेल, पण तो एकटाच लिहिला तर अपुरा आहे. माझ्यासमोर असा जबडा आला तर मी ‘साडेपाच ते सात, जास्त शक्यता सहाच्या आसपास’ असं लिहीन. आणि हा अंदाज कोणता दात हिरडीबाहेर आला आहे यावरून मी काढणार नाही. जबड्याच्या आत कोणता दात किती बनून झाला आहे, हे मी पाहीन. दात येणं आणि दात बनणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची शंका पहिल्या गोष्टीबद्दल आहे.

आधी दात बनतो कसा ते पाहू. दुधाच्या पुढच्या दातांवर खनिज साठायला आईच्या पोटात साधारण चौदाव्या आठवड्यात सुरुवात होते. दुधाची दुसरी दाढ महिनाभरानं, अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. पहिली पक्की दाढ जन्माच्या आगेमागे. पुढचे पक्के दात आणि सुळे पहिल्या वर्षात, उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्या मधले पक्के दात) दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान, दुसरी पक्की दाढ अडीच-तीन वर्षांच्या सुमारास. अक्कलदाढ बहुतेकांत सात ते दहा वर्षांच्या दरम्यान कधीतरी सुरू होते आणि तिच्या मुळांची टोकं बंद व्हायला विशी उजाडते. प्रत्येक दाताचा क्रम तोच : आधी माथ्यावरच्या उंचवट्यांची सुटी टोकं, मग ती टोकं एकमेकांना जुळतात, मग क्राऊन, म्हणजे दाताचा मुळावरचा भाग, पूर्ण होतो, मग मूळ लांबत जातं आणि शेवटी मुळाचं टोक मिटतं. या क्रमात दात मागे जात नाही आणि एखादा टप्पा गाळतही नाही.

म्हणजे गर्भातल्या चौथ्या महिन्यापासून विशीपर्यंत तोंडात कुठला ना कुठला दात बनत असतोच, आणि बालपणात तर एका वेळी दहा-बारा दात वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. मूल ज्या दिवशी गेलं त्या दिवशी हे सगळं काम आहे तिथे थांबतं. आपण वाचतो तो हा थांबलेला क्षण.

हाडांवरून वय काढता येतं, आणि दात नसतील तर काढावंच लागतं. पण मांडीच्या हाडाची लांबी पोषणावर, आजारपणावर, आईवडिलांच्या उंचीवर फार अवलंबून असते. दीर्घ उपासमारीत हाड वाढायचं थांबतं. दात बनण्याचा वेगही थोडा मंदावतो, पण त्या मानानं फार कमी. शिवाय इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, एकदा बनलं की शरीर त्यात पुन्हा हात घालत नाही. हाड मात्र जन्मभर झिजत-भरत राहतं. आणि मातीत, पाण्यात, आगीत सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो तो दातच. जळालेल्या अवशेषांत बाहेर आलेल्या दातांचं इनॅमल तडकून उडून जातं, पण जबड्याच्या हाडात झाकलेले, अजून न उगवलेले क्राऊन कित्येकदा धड मिळतात. लहान मुलांच्या बाबतीत नेमके हेच दात वयासाठी हवे असतात.

दातांचं वय आणि हाडांचं वय यांत तफावत निघाली तर ती मी कधीच ‘गोंधळ’ म्हणून सोडून देत नाही. दात सहा वर्षांचे आणि मांडीचं हाड चार वर्षांच्या मुलाइतकं आखूड, असं दिसलं तर मुलाच्या वयासाठी मी दातांवर विश्वास ठेवते आणि हाडांकडे त्याच्या हालअपेष्टांची नोंद म्हणून पाहते. कुपोषण, दीर्घ आजार, आबाळ यांच्या खुणा तिथे शोधाव्या लागतात. ज्या मुलाबद्दल बोलायला कुणीच उरलेलं नाही, त्याच्याबद्दल एवढी एक गोष्ट तरी नीट सांगितली गेली पाहिजे.

आता दात ‘येण्या’बद्दल. या कामाचा इतिहासच तिथून सुरू होतो. इंग्लंडमध्ये १८३३च्या कायद्यानं नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत कामाला ठेवायला बंदी केली आणि नऊ ते तेरा वयाच्या मुलांचे तास मर्यादित केले. पण मुलाचं वय ठरवायचं कसं? सरकारी जन्मनोंद तेव्हा सुरूच झालेली नव्हती, आणि आईवडील नि मालक दोघांनाही वय वाढवून सांगण्यात फायदा होता. उंची पाहून वय ठरवलं जाई. १८३७ साली एडविन सॉन्डर्स या दंतवैद्यानं हजाराहून अधिक मुलांची तोंडं तपासून संसदेपुढे मांडलं की उंचीपेक्षा दात कितीतरी भरवशाचे आहेत. मुलांच्या दातांवरून वय काढण्याचं शास्त्र मुलांना गिरणीतून वाचवण्याच्या प्रयत्नांच्या सोबतीनं उभं राहिलं, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे.

तरीही दात येण्याची वेळ हा कच्चा पुरावा आहे. दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली तर तिच्या खालची उपदाढ लवकर वर येते किंवा जागा आक्रसल्यामुळे अडकून बसते. जबड्यात दाटी असेल, मुळाशी पू झाला असेल, तर वेळापत्रक बिघडतं. शिवाय ‘येणं’ ही घटना क्षणाची आहे. दात आज हिरडीखाली असतो, महिन्याभरानं बाहेर. त्याआधी आणि त्यानंतर त्यातून फारसं काही कळत नाही. दात बनण्याचे टप्पे मात्र वर्षानुवर्षं सलग वाचता येतात.

इथे एक सापळा आहे आणि नवशिके त्यात हमखास सापडतात. पाठ्यपुस्तकात ‘पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षी येते’ असं असतं ते हिरडीबद्दल. जिवंत मुलाच्या तोंडात पाहून ते नोंदवलेलं असतं. सांगाड्यात हिरडी नसते. तिथे दिसतं ते दातानं हाडाची कड ओलांडली आहे का एवढंच, आणि हाड ओलांडून हिरडी फोडेपर्यंत मध्ये काही महिने जातात. हाडाच्या पातळीवर डोकावणारी दाढ पाहून हिरडीचं वय लावलं, तर मूल आहे त्यापेक्षा मोठं ठरतं.

प्रत्यक्ष जबडा कसा वाचतात ते तुमच्या ‘सहा वर्षां’च्या उदाहरणावरच दाखवते. समजा खालच्या जबड्याची डावी बाजू समोर आहे. दुधाचा सुळा आणि दोन्ही दाढा जागेवर आहेत, पुढच्या दुधाच्या दाताचा कप्पा रिकामा आहे. पहिली पक्की दाढ हाडाच्या वर आली आहे, उंचवटे टोकदार आहेत, झीज जवळजवळ नाही. इथपर्यंत नुसत्या डोळ्यांनी दिसतं आणि फार तर ‘पाच ते आठ’ म्हणता येतं. मग एक्स-रे. त्यात या दाढेचं मूळ दुभंगलेलं दिसतं, दोन्ही फाटे अंदाजे निम्म्या लांबीचे झालेत, टोकं रुंद उघडी, कडा पातळ. पुढच्या पक्क्या दाताचा क्राऊन पूर्ण आहे आणि मूळ अर्ध्याच्या आसपास. सुळ्याचा क्राऊन नुकताच पुरा झालाय, मुळाची जेमतेम सुरुवात. पहिल्या उपदाढेचा क्राऊन पूर्ण व्हायच्या बेतात, दुसरीचा त्याहून मागे. दुसऱ्या पक्क्या दाढेचा क्राऊन अर्ध्याच्या पुढे गेलाय, पण मान, म्हणजे क्राऊन आणि मूळ यांच्यामधला भाग, अजून आलेली नाही. अक्कलदाढेच्या जागी काहीच नाही.

प्रत्येक दात मी स्वतंत्रपणे वाचते, शेजारच्या दाताकडे न पाहता, आणि वयाचा विचारही तेव्हा बाजूला ठेवते. सगळे टप्पे लिहून झाल्यावरच तक्ता, म्हणजे कोणता टप्पा कोणत्या वयात येतो याची यादी, उघडते. काही दिवसांनी पहिली नोंद न बघता तोच जबडा पुन्हा वाचते आणि शक्य असेल तर सहकाऱ्याकडूनही वाचून घेते, कारण ‘क्राऊन पाऊण’ आणि ‘क्राऊन पूर्ण’ यांत माणसागणिक फरक पडतो. वरच्या उदाहरणात सगळे दात मिळून साडेपाच ते सातच्या पट्ट्यात बसतात. अक्कलदाढ नसण्याला मी काहीच वजन देत नाही. एक तर या वयात ती सुरू झालेली नसण्याचीच शक्यता जास्त, आणि दुसरं म्हणजे जगात पाचांतल्या जवळपास एका माणसाला किमान एक अक्कलदाढ जन्मतःच नसते. जे दिसत नाही त्यावरून वय ठरवू नये.

एक्स-रेबद्दल एक खबरदारी. खनिज पुरेसं साठल्याशिवाय ते एक्स-रेत उमटत नाही, त्यामुळे हातात धरून पाहिलेला सुटा दात एक्स-रेतल्यापेक्षा थोडा पुढे गेलेला दिसतो. एक्स-रेवर बेतलेला तक्ता सुट्या दाताला लावताना हे ध्यानात ठेवावं लागतं. मुळाची नवी कड कागदासारखी पातळ असते आणि सहज तुटते. तुटलेली कड ओबडधोबड आणि जाड दिसते, वाढती कड धारदार आणि एकसारखी. भिंग लावून हा फरक पाहिला नाही तर अर्धं मोडलेलं मूळ ‘अर्धं वाढलेलं मूळ’ म्हणून नोंदवलं जातं आणि वय वर्षांनी चुकतं.

तान्ह्या बाळांचे अवशेष हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. जन्माच्या वेळी जबड्यात दुधाचे वीसही दात असतात, पण दात म्हणून ओळखू येतील असे नाही. वरच्या पुढच्या दाताचा क्राऊन बराचसा बनलेला असतो, सुळ्याचं फक्त टोक. पहिल्या दाढेचे उंचवटे एकमेकांना जुळलेले, तर दुसरीचे पुष्कळदा अजून सुटे किंवा नुकते चिकटलेले. पहिल्या पक्क्या दाढेचा एखादा कण असला तर असतो. या सगळ्या पोकळ, पातळ टोप्या आहेत, काही मिलिमीटरच्या. मूळ नसल्यामुळे त्यांना जबड्यात धरून ठेवणारं काही नसतं. हाड कुजलं किंवा उलटं झालं की त्या गळून पडतात. मातीत त्या बारीक शिंपल्याच्या तुकड्यासारख्या दिसतात आणि ज्याला माहीत नाही तो त्या फेकून देतो. म्हणून बाळाच्या डोक्याखालची आणि छातीवरची माती बारीक चाळणीतून पाण्यानं गाळायची, असा माझा आग्रह असतो. वयाची सगळ्यात नेमकी माहिती त्या टोप्यांत असते आणि ती मिळवायची संधी एकदाच येते.

मिळाल्या तर मात्र त्या भरभरून सांगतात. या वयात दात झपाट्यानं वाढतात, त्यामुळे अंदाजाचा पट्टा महिन्यांत मोजता येतो. टोपीची उंची मिलिमीटरच्या दशांशात मोजून वय काढण्याची सूत्रं आहेत. हेलन लिव्हरसिज आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली जन्मापासून सुमारे साडेपाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दातांच्या लांबीवरून ती दिली. सुट्या दातांना ती फार उपयोगी पडतात, कारण टप्पा ठरवताना जो मतभेद होतो तो इथे होत नाही. त्याआधी स्टॅक यांनी १९६०मध्ये बाळाच्या बनत्या दातांच्या वजनावरून वय काढण्याची पद्धत मांडली होती. कल्पना उत्तम, पण मातीतून आलेल्या दाताचं वजन मातीतल्या क्षारांनी बदलतं, तेव्हा ती ताज्या अवशेषांपुरतीच बरी.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तपास करणारे जवळजवळ नेहमी एकच विचारतात : बाळ जिवंत जन्मलं होतं का? दातात याचं उत्तर असू शकतं. इनॅमल थराथरानं साठतं, आणि जन्माच्या वेळी शरीराला बसलेल्या धक्क्याची एक ठळक रेष त्यात उमटते. तिला जन्मरेषा म्हणू. दाताची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहतात : तिच्या एका बाजूला पोटात असताना बनलेलं इनॅमल, दुसऱ्या बाजूला जन्मानंतरचं. जन्मरेषा दिसली आणि तिच्यापुढे इनॅमल असलं, तर बाळ काही काळ जगलं होतं हे निश्चित. पण रेषा दिसली नाही म्हणून बाळ मृत जन्मलं असं म्हणता येत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकात ती दिसण्याइतपत इनॅमल साठायला जन्मानंतर साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. दोन दिवस जगलेलं बाळ आणि मृत जन्मलेलं बाळ इथे सारखंच दिसेल. अशा निष्कर्षावर एखाद्या आईवर खुनाचा आरोप राहू किंवा टळू शकतो, म्हणून अहवालात ही मर्यादा मी ठळक अक्षरांत लिहिते.

याच इनॅमलमध्ये रोजच्या वाढीच्या बारीक आडव्या रेघा असतात, दोन रेघांमधलं अंतर काही मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याखेरीज अधिक जाड रेषा ठरावीक दिवसांनी पडतात. कुणात सहा दिवसांनी, कुणात बारा, बहुतेकांत सात ते नऊ. आणि एका माणसाच्या सगळ्या दातांत हा आकडा एकच असतो. जन्मरेषेपासून मृत्यूच्या वेळी बनत असलेल्या शेवटच्या थरापर्यंत रेघा मोजल्या की वय जवळजवळ दिवसांत मिळतं. अ‍ॅलन बॉइड यांनी १९६३मध्ये हे करून दाखवलं. एका दाताचा क्राऊन पूर्ण झाला असेल तर त्यातल्या एखाद्या ठळक ताणरेषेची (आजारपणासारख्या ताणानं उमटलेल्या रेषेची) जोडी दुसऱ्या, अजून बनत असलेल्या दातात शोधायची आणि तिथून मोजणी पुढे न्यायची. तक्त्याची गरजच उरत नाही, कारण मुलाचं वय त्याच्याच दातांवरून मोजलं जातं. अडचण अशी की दात कापावा लागतो, वेळ फार लागतो, आणि हात बसायला वर्षं जातात. मी हे प्रत्येक प्रकरणात सुचवत नाही. जिथे काही महिन्यांच्या फरकानं ओळख पटणार किंवा नाकारली जाणार असेल तिथेच सुचवते. अतिशय मौल्यवान जीवाश्मांसाठी सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्राच्या अतिशय प्रखर क्ष-किरणांनी न कापता या रेषा पाहता येतात.

जीवाश्मांचा विषय निघालाच आहे तर ताउंगच्या मुलाचं उदाहरण सांगायलाच हवं. दक्षिण आफ्रिकेत १९२४ साली सापडलेल्या, माणसाच्या एका प्राचीन नातलग प्रजातीच्या या कवटीत पहिली पक्की दाढ नुकती आलेली होती, म्हणून आजच्या माणसाच्या मापानं त्याचं वय सहाच्या आसपास धरलं गेलं. १९८५ साली ब्रोमेज आणि डीन यांनी अशा प्राचीन जबड्यांतल्या वाढीच्या रेषा मोजल्या तेव्हा दिसलं की त्यांचे दात आपल्यापेक्षा झपाट्यानं बनत होते. आता ताउंगचं मूल तीन ते चार वर्षांचं मानतात. तक्ता ज्यांच्यावरून बनवला आणि ज्याला लावला ते वाढीच्या बाबतीत सारखे नसतील, तर उत्तर अर्ध्यानं चुकू शकतं.

आपल्याच प्रजातीत फरक एवढा मोठा नसतो, पण कोणता तक्ता वापरला हे महत्त्वाचं आहेच. लोगन आणि क्रॉनफेल्ड यांनी १९३३मध्ये दिलेली माहिती मोजक्याच मुलांवर, त्यातही आजारी मुलांवर आधारलेली होती. शूर आणि मॅसलर यांचा १९४१चा प्रसिद्ध चित्रतक्ता बराचसा तिच्यावरच उभा आहे, आणि तरीही पिढ्यान्पिढ्या तो भिंतीवर लटकत राहिला. उबेलाकर यांनी १९७८मध्ये तो सुधारला, पट्टे रुंद केले. मूरीस, फॅनिंग आणि हंट यांनी १९६३मध्ये दाताचे तेरा-चौदा टप्पे नेमकेपणानं आखले. मोडक्या, अर्धवट जबड्यांसाठी मला आजही त्यांची टप्प्यांची भाषा सगळ्यात सोयीची वाटते, कारण एकच दात हाती असला तरी काम चालतं. डेमिरजियन आणि सहकाऱ्यांची १९७३ची पद्धत खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूच्या सात दातांना ‘ए’ ते ‘एच’ अशी श्रेणी देऊन बेरीज करते. ती फ्रेंच-कॅनडियन मुलांवर बेतलेली आहे आणि इतर अनेक ठिकाणच्या मुलांचं वय ती वाढवून सांगते, असं वारंवार दिसलं आहे. विलेम्स यांनी २००१मध्ये बेल्जियन मुलांवरून तिचे गुण सुधारले. मुळात ती जिवंत मुलांसाठी आहे. सातही दात हवेत आणि मुलगा की मुलगी हे आधी माहीत हवं. पुरलेल्या अवशेषांत या दोन्ही अटी बहुधा पुऱ्या होत नाहीत.

मी स्वतः सुरुवात लंडन अ‍ॅटलसपासून करते. अल-कहतानी, हेक्टर आणि लिव्हरसिज यांनी तो २०१०मध्ये प्रसिद्ध केला. गर्भातल्या अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तेवीस वर्षांपर्यंत एकतीस वयोगटांची चित्रं त्यात आहेत. मृत्यूच्या वेळचं वय माहीत असलेली १७६ बालकं आणि जिवंत व्यक्तींचे ५२८ एक्स-रे, अशी भक्कम सामग्री त्यामागे आहे. दात येण्याची पातळी त्यात हाडाची धरली आहे, हिरडीची नाही, त्यामुळे वर सांगितलेला सापळा टळतो.

या पद्धती खऱ्या उतरतात का, हे तपासायला वय माहीत असलेले सांगाडे लागतात, आणि लहान मुलांचे असे सांगाडे जगात फार थोडे आहेत. लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या क्राइस्ट चर्चच्या तळघरातून १९८४ ते १९८६ दरम्यान सुमारे एक हजार मृतांचे अवशेष काढण्यात आले. त्यांतल्या जवळजवळ चारशे जणांच्या शवपेट्यांवर नाव आणि वय कोरलेल्या पट्ट्या शाबूत होत्या. त्यांतल्या बालकांच्या दातांवर कितीतरी पद्धती घासूनपुसून पाहता आल्या. लहान वयात दातांवर विसंबायला हरकत नाही, असं आज म्हणता येतं त्यात या मुलांचा मोठा वाटा आहे.

एक तांत्रिक मुद्दा सांगते, कारण अहवालांतल्या पुष्कळ चुकांचं मूळ त्यात आहे. ‘दाढेचा क्राऊन सरासरी अमुक वयात पूर्ण होतो’ हे त्या टप्प्यात शिरण्याचं वय झालं. पण मेलेल्या मुलाची दाढ त्या टप्प्यात आढळते, तेव्हा ते मूल टप्प्याच्या सुरुवातीला होतं, मधोमध होतं की शेवटाला, हे आपल्याला माहीत नसतं. टप्पा वर्षभर टिकणारा असेल तर शिरण्याचं वय लावून आपण सरासरी सहा महिने कमी सांगतो. हॉली स्मिथ यांनी १९९१मध्ये मूरीस यांची आकडेवारी या दृष्टीनं पुन्हा मांडून अंदाजासाठी वेगळे आकडे दिले. तक्ता कोणताही घ्या, तो ‘टप्पा गाठण्याचं वय’ सांगतो की ‘टप्प्यात असलेल्या मुलाचं वय’, हे आधी पाहा. दुसरी गोष्ट अशी की ज्या मुलांवरून तक्ता बनला त्यांतच एखाद्या वयाची मुलं जास्त असतील, तर आपले अंदाजही नकळत त्या वयाकडे झुकतात. म्हणून अलीकडच्या सांख्यिकी पद्धती प्रत्येक वयाची शक्यता वेगळी मोजून मग पट्टा देतात.

मुलगा की मुलगी, हा प्रश्न वयात गुंतलेला असतो. मुलींचे पक्के दात मुलांपेक्षा थोडे आधी बनतात, आणि फरक सगळ्यात जास्त सुळ्याच्या मुळात दिसतो, काही टप्प्यांत वर्षभराच्या आसपास. लहान मुलांच्या हाडांवरून लिंग खात्रीनं सांगता येत नाही. माहीत नसेल तर दोन्ही तक्ते लावून पट्टा तेवढा रुंद ठेवणं हाच प्रामाणिक मार्ग. आता इनॅमलमधल्या अमेलोजेनिन या प्रथिनाच्या तपासणीनं किंवा डीएनएनं लिंग कळू शकतं. ते कळलं की वयाचा पट्टा आपोआप आवळतो.

वय वाढत जातं तसा पट्टा रुंदावतो, हेही लक्षात ठेवायला हवं. वर्षाच्या आतलं बाळ दोन-तीन महिन्यांच्या फरकानं सांगता येतं. दहा वर्षांच्या आसपास दोन्ही बाजूंना दीड-दोन वर्षं धरावी लागतात. चौदा-पंधरानंतर अक्कलदाढ सोडून बाकीच्या दातांची मुळं मिटलेली असतात, आणि अक्कलदाढ हा सगळ्यात लहरी दात. त्या वयात दातांवर अडून न बसता हाडांच्या टोकांचं जुळणं पाहावं. ज्यांचा जन्म गेल्या शतकाच्या मध्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी एक वेगळा मार्गही आहे. अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन १९६३च्या सुमारास शिगेला पोचला आणि नंतर उतरत गेला. इनॅमल ज्या काळात बनलं त्या काळच्या हवेची पातळी त्यात कायमची कोरली जाते. त्यावरून जन्मवर्षाचा अंदाज निघतो, आणि मृत्यूचं वर्ष ठाऊक असेल तर वय तपासून घेता येतं.

तुम्ही ज्या अहवालाबद्दल विचारलं आहे, तो लिहिणाऱ्याला किंवा लिहिणारीला एवढं जरूर विचारा : कोणकोणते दात मिळाले आणि प्रत्येक दात कोणत्या टप्प्यावर होता? एक्स-रे काढला का? कोणता तक्ता वापरला आणि मुलगा धरला की मुलगी? पट्टा किती? हाडांची मापं दातांशी जुळली का? ही उत्तरं मिळाली तर दुसरा कुणीही जाणकार त्याच नोंदींवरून वय पुन्हा काढून पाहू शकेल. हरवलेल्या मुलांच्या यादीशी ताडून पाहायचं असेल तर पट्टा लागतोच. ‘सहा’ एवढंच धरून शोध घेतला, तर साडेपाच किंवा सात वर्षांच्या मुलाची नोंद तपासणाऱ्याच्या हाताखालून तशीच निघून जाते आणि त्याचे आईवडील वाट पाहत राहतात.